कोणती कट्यार, ताई?

"कोणती कट्यार, ताई? नाटकातली का पिक्चरमधली? अन् नाटकातली असन तर जुनी का नवी?"

काउंटरवर पिशवी ठेवून मी एवढंच म्हटलं होतं, की 'कट्यार'च्या तीन कॅसेट आहेत, पेनड्राइव्हवर करून द्या. त्यावर दुकानदारकाकांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. दर, वेळ, अॅडव्हान्स हे सगळं नंतर आलं. मी या दुकानाला पाचपैकी पाच देते आहे आणि त्यातले निम्मे गुण या एका प्रश्नाचे आहेत. बाकीचे कशाचे, ते सविस्तर लिहिते, कारण जुन्या कॅसेट माळ्यावर टाकून ठेवलेली माणसं नागपुरात पुष्कळ आहेत आणि दर उन्हाळ्यात त्या कॅसेट थोड्या थोड्या मरत आहेत.

दुकान महालात आहे. बडकस चौकातून आतल्या गल्लीत वळायचं. गाडी चौकातच लावून चालत या, गल्लीत दोन स्कूटी समोरासमोर आल्या तरी अडकतात. काकांचा पूर्वी माइक आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, गणपती, नाटकं सगळं त्यांनी केलंय. आता पुढच्या खोलीत कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर आणि व्हीसीआर आहेत आणि कॉम्प्युटरवर त्यांची मुलगी बसते. जुन्या कॅसेट, रेकॉर्ड, व्हिडिओ कॅसेट आपण न्यायच्या, ते डिजिटल करून देतात. एवढंच काम.

मी तिथे का गेले, ते आधी सांगते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वाचन कमी झालं, म्हणून त्यांच्यासाठी मी गाण्यांच्या एका अॅपचे वर्षाचे पैसे भरले आणि घरात बोलून चालणारा स्पीकर आणला. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी त्याला 'कट्यार काळजात घुसली'तलं 'तेजोनिधी लोहगोल' लावायला सांगितलं. लागलं, आणि छान लागलं. बाबांनी अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "हा नातू आहे. आजोबा लाव."

नातू, म्हणजे राहुल देशपांडे, चांगला गातो, हे बाबाही मान्य करतात. पण त्यांना हवे होते आजोबा, डॉ. वसंतराव देशपांडे. मी 'वसंतराव' म्हणून पाहिलं तर 2022 सालचा त्यांच्यावरचा सिनेमा पुढे आला, त्यातही नातूच. 'देशपांडे कट्यार' म्हटलं तर दोघंही देशपांडे. यादीत एकाच नावाची आठ-दहा गाणी, चित्रं निरनिराळी, आणि कोणत्या गाण्याखाली कोण आहे याचा पत्ता नाही. काहींच्या खाली गायकाच्या जागी नुसतं नाटकाचं नाव. तक्रार लिहिली, तर 'आपला अनुभव सुधारण्यासाठी आम्ही प्रयत्नशील आहोत' असं उत्तर आलं.

ज्यांना हा घोळ माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडं. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक. दारव्हेकर मास्तर म्हणजे आमच्या नागपूरचे. प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेनं ते डिसेंबर 1967 मध्ये रंगमंचावर आणलं, संगीत पं. जितेंद्र अभिषेकींचं. विश्रामपूर संस्थान, राजगायकाचं पद, त्या पदासोबत मिळणारी कट्यार, आणि त्या कट्यारीनं केलेला एक खून माफ. खाँसाहेब आफताब हुसेन झाले वसंतराव, जे मूर्तिजापूरला जन्मले आणि नागपुरात वाढले. खाँसाहेबांसमोरचे पंडितजी होते भार्गवराम आचरेकर, खाँसाहेबांची मुलगी झरीना फैयाज. ही पहिली कट्यार.

मग 2010 मध्ये हेच नाटक नव्या संचात आलं. त्यात खाँसाहेब झाले वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव झाले महेश काळे. ही दुसरी.

आणि 2015 च्या दिवाळीत सिनेमा आला, सुबोध भावेंचा. पडद्यावर खाँसाहेब सचिन पिळगावकर, पण त्यांचा गाता गळा राहुल देशपांड्यांचा. पंडितजींच्या भूमिकेत स्वतः शंकर महादेवन. अभिषेकीबुवांच्या जुन्या चाली आहेतच, शिवाय शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी. त्यातल्या 'अरुणि किरणी'साठी महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी मुलगी नववीत आहे, तिच्यासाठी कट्यार म्हणजे 'सूर निरागस हो'. ती गणपतीत ते गाते, आणि गोड गाते.

म्हणजे 'राहुल देशपांड्यांची कट्यार' एवढं म्हटलं तरी पुरत नाही. नाटकातली की सिनेमातली, हे सांगावंच लागतं. त्यातही 'घेई छंद मकरंद' हे एकच पद पंडितजींच्या घराण्याचं वेगळं आणि खाँसाहेबांचं वेगळं. नाटकाचा सगळा जीवच त्या दोन ढंगांच्या फरकात आहे. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याकडून मला कॅसेट करून घ्यायच्या नव्हत्या. काकांनी पहिल्याच वाक्यात तो फरक विचारला.

मी म्हटलं, "काका, तिन्ही जुन्याच असाव्यात. बाबांनी तिन्हींवर नुसतं 'कट्यार' लिहिलंय."

त्यांनी तिन्ही कॅसेट उजेडात धरल्या. पहिली विकतची होती, छापील कव्हरची, कव्हर अर्धं फाटलेलं. दुसरी नव्वद मिनिटांची कोरी घेऊन भरलेली. तिसरी साठ मिनिटांची, तिच्या वरच्या खाचा मोडलेल्या. "ही कोणाले पुसू द्यायची नव्हती," ते म्हणाले. "खाचा मोडल्या की रेकॉर्डचं बटण दबत नाही. हिच्यात काहीतरी घरचं असन." बाबांना विचारलं तर आठवेना.

आता काम कसं करतात ते सांगते, कारण मी तिथे बसून पाहिलं. कॅसेट आणली आणि डेकमध्ये घातली असं होत नाही. आधी ती हातानं, मग मशीनवर, पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळतात. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या फितीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतात, ते असे मोकळे होतात. दुसऱ्या कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी होती. ती त्यांनी दाराबाहेर उभं राहून, तोंडाला रुमाल बांधून मऊ कापडानं हळूहळू पुसली. पहिल्या कॅसेटमध्ये फितीला डेकच्या हेडवर, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा एवढासा तुकडा असतो, तो गळून पडला होता. मराठी वाचकांपैकी ज्यांनी हा तुकडा पडलेली कॅसेट लावून 'आवाजच येत नाही' म्हणून फेकून दिली असेल त्यांनी हळहळावं, कारण काकांनी दुसऱ्या एका रिकाम्या कॅसेटचे पाच बारीक स्क्रू काढले, फीत आहे तशी उचलून त्या नव्या घरात बसवली आणि दहा मिनिटांत गाणं सुरू. स्क्रूच्या ऐवजी चिकटवून बंद केलेली कॅसेट असेल तर ब्लेडनं फोडावी लागते, त्याचे वेगळे पैसे पडतात. तेही त्यांनी आधीच सांगितलं.

मग स्पिरिटनं हेड पुसायचं आणि प्रत्येक कॅसेटसाठी त्या हेडचा कोन बारीक पेचकसानं जुळवायचा. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि थक्क झाले. वसंतरावांचा आवाज जणू गोधडीखालून येत होता. काकांनी पेचकस पाव फेराही फिरवला नसेल, आणि 'तेजोनिधी'मधला 'स' एकदम स्वच्छ झाला. तबल्याची शाई ऐकू यायला लागली. ते मान वर न करता म्हणाले, "आता बसला." आणि मग टेप चालू. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, लवकर होणारं हे काम नाही.

तीन कॅसेटना बारा दिवस लागले. कॅसेटमागे 250 रुपये, बुरशीच्या कॅसेटचे 100 वर. महाग म्हणणारे म्हणतील. स्टेशनजवळ एका ठिकाणी मला 80 रुपये सांगितले होते, पण तिथे कोणतीही कॅसेट 'साइड ए, साइड बी' अशा दोन लांबलचक फायलींत मिळते. इथे प्रत्येक पद वेगळं, आणि प्रत्येकाला नाव.

ते नाव देणं, हेच खरं म्हणजे मला सांगायचंय. काकांकडे एक लांब रजिस्टर आहे, त्यात चार रकाने: नाव, कोणाचं, कधीचं, कुठून घेतलं. मुलगी त्यावरून फायलींची नावं लिहिते. मी बसले होते तेव्हा पानं चाळून दाखवली. 'नटसम्राट' असं पाच ओळींत होतं. एकीपुढे 'डॉ. लागू', एकीपुढे 'दत्ता भट', एकीपुढे 'कॉलेज गॅदरिंग, घरचं रेकॉर्डिंग'. शिरवाडकरांचं नाटक 1970 चं, अप्पा बेलवलकर किती जणांनी केले, आणि 2016 मध्ये नाना पाटेकरांचा सिनेमा. नुसतं 'नटसम्राट' लिहिलं तर काय कळणार? 'श्यामची आई'पुढे त्यांनी '1953, अत्रे' असं लिहिलेलं. आता 2023 चाही त्याच नावाचा सिनेमा आहे, तोही कृष्णधवल, तेव्हा रंगावरूनसुद्धा ओळखता येत नाही. 'पिंजरा'पुढे 'शांताराम, राम कदमांची गाणी', म्हणजे सिनेमा, त्याच नावाची मालिका नव्हे. एका ओळीत 'शिवगर्जना' आणि पुढे कंसात 'ढोलपथक, महानाट्य नव्हे'. त्या नावाचं महानाट्य आहे आणि ढोलताशा पथकंही आहेत. एक मुलगा आपल्या पथकाची जुनी मिरवणूक करून घ्यायला आला होता. काकांनी त्याला पथकाचं गाव आणि साल विचारून लिहून घेतलं, कारण या नावाची पथकं एकाहून जास्त गावांत आहेत.

"नाव तर कोणीही ठेवते, ताई," काका म्हणाले. "मानूस वेगळा असते."

आता एक गडबड झाली, तीही लिहायला हवी. दुसरी कॅसेट, नव्वद मिनिटांची, बाबांनी आकाशवाणीवरून टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या मशीनवर, भरलेली. सकाळच्या सभेतली नाट्यगीतं. घरी आणून लावली आणि बाबा अस्वस्थ झाले. "हे वसंतराव नाहीत. पट्टी चढली आहे. घाईत गायल्यासारखं वाटतंय." मला फरक कळला नव्हता. मी जरा चिडूनच परत गेले, की मशीन वेगात चाललं असेल.

काकांनी वाद घातला नाही. पहिली कॅसेट त्याच डेकवर लावून दाखवली, ती बरोबर होती. म्हणाले, "मशीन ठीक आहे. तुमच्या बाबांच्या टू-इन-वनचे सेल उतरले असन त्या दिवशी." सेल उतरलेले असले की रेकॉर्ड करताना मोटर हळू फिरते. मग तीच फीत बरोबर वेगाच्या मशीनवर लावली की गाणं धावतं आणि आवाज बारीक होतो. चूक त्यांची नव्हती, चाळीस वर्षांपूर्वीच्या सेलची होती. पण बरोबर वेग किती, हे कसं ठरवायचं?

इथे त्यांच्या मुलीनं जे केलं त्याला माझ्याकडे शब्द नाहीत. बाबांनी त्या दिवशी कार्यक्रमाच्या खूप आधीच बटण दाबून ठेवलं होतं. त्यामुळे कॅसेटच्या अगदी सुरुवातीला सभा सुरू होतानाची आकाशवाणीची ती धून आली होती, तानपुऱ्यावर व्हायोलिन. ती धून सगळ्या देशानं वर्षानुवर्षं एकाच सुरात ऐकली आहे. तिनं त्या धूनचं चांगलं रेकॉर्डिंग शेजारी ठेवलं, दोन्हींचा षड्ज मिळेपर्यंत वेग कमी केला, आणि त्याच वेगावर पूर्ण नव्वद मिनिटं पुन्हा बसवली. एकही रुपया जास्तीचा घेतला नाही.

बाबांनी ती ऐकली. 'सुरत पिया की' सुरू झालं आणि ते काही बोलले नाहीत. धनवटे रंगमंदिरात त्यांनी हे नाटक पाहिलं, तेव्हा ते नोकरीला नवीन होते, तिकीट मागच्या रांगेचं होतं. ते सांगायचे की वसंतराव गायला लागले की मागचे लोक पुढे येऊन पायऱ्यांवर बसायचे. मी हे शंभर वेळा ऐकलं होतं. या वेळी त्यांनी सांगितलं नाही, डोळे मिटून बोटांनी खुर्चीच्या हातावर सम धरली. पद संपल्यावर नातीला हाक मारली, शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आता तुझं लाव. राहुलचं." दोघांनी लागोपाठ दोन्ही ऐकली. आजोबा कुठे थांबतात आणि नातू कुठे थांबतो, ते बाबा बोटानं दाखवत होते. सिनेमावरचा त्यांचा राग बघता बघता गेला. त्यांचा राग सिनेमावर नव्हताच. एक मागितल्यावर दुसरं मिळत होतं, त्यावर होता.

राहिली तिसरी, खाचा मोडलेली.

दुकानातून फोन आला होता, आम्ही न्यायला जायच्या आधी. काकांची मुलगी म्हणाली, "ताई, तिसरी कॅसेट नाटकाची नाही. कुणीतरी बाई गात आहेत, 'दिन गेले भजनाविण सारे'. पेटी-तबला आहे, समोर लोक आहेत. मी 'कट्यार 3' असं नाव देणार होते पण आमचे बाबा म्हणाले, विचारून घे." फोनवरच तिनं दहा सेकंद लावलं.

माझी आई होती. आमच्या जुन्या कॉलनीच्या गणपतीत. बाबांनी कट्यारमधलं पद म्हणून कॅसेटवर 'कट्यार' लिहिलं, पुसली जाऊ नये म्हणून खाचा मोडल्या, आणि विसरून गेले. आईला तर हे रेकॉर्ड झालंय हेच ठाऊक नव्हतं. पदाच्या मध्येच माइकवरून कुणीतरी सांगतं, की फाटकासमोरची स्कूटर काढा, मूर्तीची गाडी यायची आहे. मुलीनं विचारलं, ते कापू का? फक्त गाणं ठेवू का? मी म्हटलं, नको, सगळं राहू दे. पुढे सूत्रसंचालक मंडळाचं सातवं वर्ष म्हणतो, त्यावरून साल निघालं: 1984. आई तेव्हा माझ्या आजच्या वयापेक्षा कितीतरी लहान होती. गळा मोकळा, आणि अंतऱ्याला जाताना एक अशी जागा घेते की मी तीन वेळा मागे नेऊन ऐकली.

कमी काय आहे तेही लिहिते. फोन पहिल्या वेळी उचलतीलच असं नाही. पावती हातानं लिहून देतात, अक्षर लावून वाचावं लागतं. खरखर कमी करून हवी असेल तर आधी सांगा, नाहीतर ते आहे तसंच ठेवतात. मला तेच आवडलं, कारण खरखर काढता काढता तानपुराही जातो. फायली मोठ्या, न दाबलेल्या देतात, मोबाइलसाठी लहान प्रत मागून घ्या. आणि सिनेमाची किंवा बाजारात मिळणाऱ्या अल्बमची प्रत मागू नका, मी मुलीसाठी मागितली तर स्पष्ट नाही म्हणाले. तुमची स्वतःची कॅसेट असेल तरच काम घेतात. मूळ कॅसेट परत देताना डबी पुसून, नवीन कागद लावून देतात, आणि ती उभी ठेवा, माळ्यावर नको, म्हणून बजावतात. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर काय होतं हे त्यांना रोज दिसतं.

पेनड्राइव्हवर तिसऱ्या कॅसेटच्या फाइलला त्यांनी नाव दिलं होतं: 'दिन गेले भजनाविण, कट्यारमधील पद, गणेशोत्सव 1984, गायिका...' आणि पुढे जागा मोकळी. मी आईचं पूर्ण नाव कळवलं. त्यांनी त्याच संध्याकाळी फाइल बदलून पाठवली.

आईनं चष्मा लावून ते नाव वाचलं, दोनदा. मग म्हणाली, "पेटी आणि तबला कोण होतं, ते नाही लिहिलं?" पेटी बाबांची होती, ते लगेच निघालं. तबल्यावर कोण, यावर दोघांची दोन दिवस चर्चा चालली. खालच्या मजल्यावरचे की समोरच्या इमारतीतले, नाव काय, भाऊ होते त्यांचे की तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी पोळ्या लाटता लाटता आईला आठवलं. मी पुन्हा दुकानात फोन लावला.

"थांबा ताई," काका म्हणाले, "रजिस्टर घेतो."